पावसाळ्यात दरवर्षी ‘बसणारी’ बेस: नवीन घेण्याआधी आहे तीच तपासा

घरी बेस गिटार छान वाजते. निदान आपल्याला तसं वाटतं. श्रावण लागला, गणपतीच्या कार्यक्रमांची तालीम सुरू झाली आणि चौघांत वाजवायला बसलं की तीच बेस कुठं जाते कळत नाही. आवाज वाढवला तर खिडक्या थरथरतात पण सूर ओळखू येत नाही. कमी केला तर कीबोर्डवाला विचारतो, "आज आणली नाहीस काय?" मध्येच खरखर होते, ई तारेवर खर्र वाजतं, एक सूर फुगतो, शेजारचा मरतो. मग कुणीतरी म्हणतोच, "ॲम्प बदल की गा, हा आता बसलाय."

एकदा मी ते ऐकलंही. १०० वॉटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) विकला आणि वर पैसे घालून २०० वॉटचा आणला. पहिल्या तालमीत तक्रार जशीच्या तशी. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला ‘जरासा’. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. १०० चे १०००. हे गणित मी दुकानातून परत आल्यावर केलं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. ज्या वस्तूवर संशय आहे ती लगेच बदलायची नाही, आधी तिची जागा बदलून बघायची. दुसरा ॲम्प, दुसरी खोली, दुसरी केबल, दुसरा वादक. दोष वस्तूबरोबर गेला तर वस्तूचा, मागे राहिला तर जागेचा. बेळगावच्या पावसाळ्यात माझे बहुतेक दोष जागेचेच निघाले.

आधी हेडफोन लावा

बऱ्याच ॲम्पना हेडफोनची सोय असते, ती बहुतेक जण रात्रीच्या सरावापुरती वापरतात. खरं तर ती न्यायाधीशाची खुर्ची आहे. बऱ्यापैकी हेडफोन घ्या (मोबाइलसोबत येणारे नकोत, मोकळ्या ई तारेचा ४१ हर्ट्झचा सूर त्यांना झेपत नाही) आणि चारही तारांवर बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) एकेक सूर सारख्या जोराने वाजवा.

सगळे सूर सारखे आले तर बेस, केबल आणि ॲम्पचा पुढचा भाग सुटले. दोष त्यापुढे आहे: स्पीकर, खोली, नॉब किंवा सोबतची मंडळी. हेडफोनमध्येही तोच सूर मेलेला असेल तर दोष लाकूड, तार आणि वायरीत. या दहा मिनिटांनी निम्मं काम होतं.

एकच सूर घुमतो, शेजारचा गायब

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि हिच्यासाठीच सगळ्यात जास्त पैसे उडवले जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमची तालीम शहापुरातल्या एका जुन्या घराच्या खोलीत चालायची. १० बाय १२ फूट, उंचीही १०. गायकाने काळी पाचची पट्टी सांगितली की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण बी-फ्लॅट आणि त्याखालचा ए असे काही फुगायचे की बाकीचं गाणं त्याखाली गाडलं जायचं. मी तारा बदलल्या. पिकअप (तारांखालचा, त्यांचं कंपन पकडणारा चुंबकी तुकडा) वरखाली केला. काही फरक पडेना.

मग टेप घेऊन खोली मोजली. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिला सूर कुठला अडकतो हे काढायला अंतर मीटरमध्ये मोजायचं आणि १७२ ला त्याने भागायचं (१७२ म्हणजे आवाजाच्या सेकंदाला सुमारे ३४४ मीटर या वेगाचं निम्मं). १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, भागाकार ५६ हर्ट्झ. मोकळी ए तार ५५ ला वाजते, बी-फ्लॅट ५८ ला. वर आमच्या खोलीची रुंदी आणि उंची सारखीच, म्हणजे एकाच जागी दोन अडकित्ते. १२ फुटांची लांबी ४७ हर्ट्झला अडकते, म्हणजे एफ-शार्पच्या अंगाला, तोही थोडा फुगायचाच. बिचाऱ्या बेसचा यात काडीचाही दोष नव्हता.

खात्री करायची तर ए वाजवत कुणाला तरी खोलीत फिरायला सांगा. भिंतीला टेकलेल्या माणसाला सूर दणदणीत ऐकू येईल आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तोच सूर पातळ होईल. आमच्यात भांडण व्हायचं ते यावरून. मी मध्ये उभा, मला ए ऐकू येत नाही म्हणून मी नॉब फिरवतो. तबलजी भिंतीला टेकून बसलेला, तो कानावर हात ठेवतो. दोघंही आपापल्या जागी खरे.

उपाय फुकट आहे. ॲम्प कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती मिळून खालचा आवाज फुगवतात. आम्ही तो लांबीच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट ओढला, स्टुलावर ठेवला आणि तोंड कानाकडे तिरकं केलं. एवढ्याने बी-फ्लॅट माणसात आला. ग्राफिक इक्वलायझर असेल तर ५५-६० च्या आसपासची एकच पट्टी थोडी खाली घ्या, सगळा बेस कापू नका.

भिंतीला गाद्या लावायचा सल्ला हमखास मिळतो. ५५ हर्ट्झची लाट सव्वासहा मीटर लांब असते, तिला तीन इंची कापसाची गादी दिसतसुद्धा नाही. गादी झांजांचा आणि गळ्याचा वरचा आवाज मात्र खाते, त्यामुळे बेस आणखी चिखल वाटतो. गाद्या झोपायला ठेवा.

तालमीत बरोबर, मांडवात चिखल

याचं कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू असताना कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की तेच झपाट्याने पुढे येतात. घरी शेजाऱ्यांच्या भीतीने हळू वाजवताना आपण बेसचा नॉब चढवतो, मिडचा (मधल्या सुरांचा) उतरवतो, कसं मऊ मऊ वाटतं. तीच मांडणी घेऊन चौकातल्या मांडवात गेलो की खालचा गठ्ठा तेवढा उसळतो आणि सूर ओळखायला लागणारा मधला भाग आपणच घरी कापून आलेले असतो.

घरचे नॉब घरी ठेवा. मांडवात सगळे मधोमध आणून सुरुवात करा, मग बेस किंचित उतरवा आणि २५० ते ८०० हर्ट्झचा भाग थोडा चढवा. एकट्याने ऐकाल तर आवाज नाकातून आल्यासारखा, जरा कुरूप वाटेल. ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की तोच आवाज नेमका मोकळ्या फटीत जाऊन बसतो.

लाकडी फळ्यांचं पोकळ स्टेज असेल तर ॲम्प थेट फळीवर ठेवू नका, अख्खं स्टेज ढोलासारखं वाजतं. खाली जाड फोम टाका किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवा. बांधून ठेवा म्हणजे झालं.

आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात बघा. ऑर्केस्ट्रात बेस नसताना वाजवायची सवय लागलेली असते, तो डाव्या हाताने तुमचेच सूर तुमच्याच सप्तकात वाजवत असतो. दोघांत एक सूर कधीच नीट जुळत नाही, ऐकणाऱ्याला नुसता गुरगुराट येतो. एका गाण्यापुरता तो हात मांडीवर ठेवायला सांगा. आमच्याकडे ज्या दिवशी हे केलं त्या दिवशी मला ‘नवीन बेस घेतली काय’ असं तिघांनी विचारलं.

दुसरा बॉक्स जोडला आणि बेस कमी झाली

ऐकायला खुळ्यासारखं वाटतं, पण होतं. दोन बॉक्सपैकी एकाच्या वायरी उलट जोडल्या गेल्या की एकाचा कोन (स्पीकरचा हलणारा कागदी पडदा) पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, वरचे मात्र बऱ्यापैकी वाचतात. भाड्याच्या बॉक्सना वायर पिळून जोडलेली असते, तिथं अधिक-उणे कोण बघतो?

तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. बॉक्सची वायर ॲम्पमधून पूर्ण काढा. सेलचं अधिक टोक अधिक वायरीला आणि उणे उण्याला क्षणभर टेकवा. कोन किंचित बाहेर आला पाहिजे. दुसऱ्या बॉक्सचा आत गेला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. हे फक्त साध्या, आत ॲम्प नसलेल्या बॉक्सवर करायचं.

तिथेच ओहमचंही बघून घ्या. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ होतात, तीन जोडले की पावणेतीनच्याही खाली. ॲम्पच्या पाठीवर किमान ४ लिहिलं असेल तर तिसरा जोडायचा नाही, आयोजक कितीही मागे लागला तरी.

तार खर्र वाजते

हेडफोनमध्येही दोष दिसला तर इथून सुरुवात. मिरगाचा पाऊस लागला की आमच्याकडे भिंती ओल धरतात, दारं चौकटीत अडकतात. बेसची मान लाकडाचीच. ३४ इंची तारेच्या ताणाला आतली लोखंडी सळी तोलून धरते आणि लाकूड ओल पिऊन हललं की तो तोल जातो. माझी मान पावसात पुढे वाकते, माझ्या मित्राची मागे. दोघांच्याही बेस एकाच दुकानातल्या. त्यामुळे ‘पावसात सळी एवढी फिरवा’ असा ठराविक सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मोजा.

मोजायचं असं. बेस सुरात लावा, वाजवायच्या स्थितीत धरा. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि दुसऱ्या हाताने मान जिथं धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. तार आता सरळ पट्टीसारखी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर आणि तारेत साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी. उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, कामाला असलेला एखादा ओळखीचा प्रत्येकाला असतोच. त्याच्याकडून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा) मागून घ्या, ०.३० चं पान सरकवून बघा. नाहीच मिळालं तर जाडसर व्हिजिटिंग कार्डावर काम भागतं.

फट जास्त असेल तर सळीचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलट पाव फेरा. ऍलन की नेमक्या मापाची हवी, ढिली चावी नटाचे कोपरे खाते आणि मग ते काम महागात पडतं. पाव फेरा दिला की पुन्हा सुरात लावून रात्रभर ठेवा. लाकडाला आपल्यासारखी घाई नसते. नट जागचा हलत नसेल तर जोर लावू नका, तिथं जाणकाराकडेच जायचं.

सळी झाल्यावरच घोडीवरच्या (धडावर तारा जिथं टेकतात त्या पुलावरच्या) तारेच्या उंचीला हात लावा. उलट क्रमाने केलं तर सगळं दोनदा करावं लागतं. शेवटच्या काही फ्रेटपाशी ई तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि जीखाली दोन, ही बहुतेकांना झेपणारी उंची. बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) जुळत नसेल तर घोडीचा तुकडा सरकवा: दाबलेला सूर चढा असेल तर मागे, उतरा असेल तर पुढे.

थोडं खर्र राहिलं तर राहू द्या, हे मी मिरजेला शिकलो. सतारमेकर गल्लीत एका चाचांना माझ्या बेसची खरखर ऐकवली होती. ते हसले. तानपुऱ्याची घोडी घासून घासून ते जी जवारी आणतात ती म्हणजे तार घोडीवर अलगद टेकून येणारा हाच आवाज. फक्त त्यांना तो हवा असतो आणि हवा तेवढाच असतो. ॲम्पमधून ऐकू येतं का एवढंच बघा. नुसत्या कानाला येतं, ॲम्पमधून येत नाही, तर विसरा.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच विझतो, हा मात्र दोष काढून टाकता येत नाही. मानेचं लाकूड स्वतःच त्या कंपनाला खातं. तो सूर डी तारेवर पाच फ्रेट पुढे घ्या आणि पुढे चला.

गुणगुण

आपली वीज ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झला आणि मोकळी जी तार ९८ ला वाजते, म्हणून मांडवातली गुणगुण जी सुराच्या जरा वर चढलेली ऐकू येते. जी पट्टीतलं गाणं असेल तर अंगावर काटाच येतो.

उभ्या जागी हळूहळू गोल फिरा. वळताना गुणगुण कमी-जास्त झाली तर पिकअप ती हवेतून पकडतोय: ट्यूबलाइटचा चोक, रोषणाईच्या माळेचा स्वस्त ॲडॉप्टर. दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपच्या बेसमध्ये बहुधा दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण सारखे ठेवले की ती बरीच मरते, कारण दोन पिकअप एकमेकांची गुणगुण खोडतात. तारांना हात लावला की कमी होते, तर आतल्या खोबणीला तांब्याची चिकटपट्टी लावून घ्या, ती बेसमधल्या ग्राउंडच्या वायरीला जोडा.

हात लावल्यावर चिमटा बसतो किंवा ओठ माईकला लागताच झटका बसतो, तर थांबा. एका गावच्या मांडवात आमच्यासोबत हे झालं. वायरमनने टेस्टर लावला, बोर्ड उघडला आणि शांतपणे म्हणाला, "अर्थिंग इल्ला री," म्हणजे अर्थिंगच नाही. त्यावर एकाने प्लगची तिसरी पिन मोडायचा उपाय सुचवला, म्हणजे गुणगुण जाईल. जाते, खरंच जाते. आणि २३० व्होल्ट तुमच्या तारांवर यायची वाट मोकळी होते. ओल्या मांडवात तर विषयच नको. आम्ही अर्थिंग होईपर्यंत वाजवलं नाही, गाणी ढोलकीवर झाली. आता ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) बसवलेला एक्स्टेन्शन बोर्ड सोबतच असतो, आणि बेस व माईकचा मिक्सर एकाच बोर्डावर.

किरकोळ, पण यांनीच जास्त छळलंय

खरखर बहुधा जॅकची असते. नट ढिला होतो, आपण बाहेरून पान्याने आवळतो आणि आत जॅक फिरून वायर तुटते. प्लेट उघडा, जॅक आतून धरा, मग आवळा. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा. गंजाचा स्प्रे मारू नका.

जोरात मारलं की फाटतं, हळू मारलं की ठीक, आणि बेस ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली) आहे? नऊ व्होल्टची बॅटरी बदला. बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल खुपसली की बॅटरी सुरू होते आणि केबल काढेपर्यंत चालूच राहते. रात्रभर केबल लावून ठेवायची सवय मला तीन बॅटऱ्यांना पडली.

तारा ‘मेल्या’ म्हणून बदलत असाल तर जरा थांबा. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या शेकडो रेकॉर्डवर वाजवणारा जेम्स जेमरसन सपाट वेटोळ्याच्या तारा सहसा बदलतच नसे आणि घोडीपाशी फोमचा तुकडा असायचा. मी भांडी घासायच्या नव्या स्पंजची पट्टी कापून घोडीजवळ तारांखाली खुपसली, टोन नॉब पूर्ण उतरवला आणि अंगठ्याने वाजवलं. भावगीतांच्या कार्यक्रमाला जो गोल, आखूड आवाज मी कितीतरी पेडल्समध्ये शोधत होतो तो दहा रुपयांत मिळाला. बोटं मानेजवळ नेलीत तर तो आणखी मऊ होतो, घोडीजवळ नेलीत तर कडक. बोटांची ही जागा म्हणजे सगळ्यात मोठा नॉब आणि त्याला पैसे पडत नाहीत.

एवढं सगळं करूनही दोष उरला तर मात्र खर्च करा: फ्रेट झिजून खड्डे पडलेत, मान पिळली गेलीय, किंवा कोन दोन्ही हातांनी सारखा हळूच दाबला की आत कॉइल घासल्याचा आवाज येतो.

माझ्या केसच्या झाकणाच्या आत पेन्सिलने दरवर्षीची नोंद आहे, तारीख आणि फट. परवा ओले वारे सुरू झाले तसं गेज घातलं, ०.४५ चं पान सैल जात होतं. पाव फेरा दिला, आतल्या भिंतीला उभी करून ठेवली. सकाळी ०.३० चं पान हलकं घासून गेलं. खाली तेवढं लिहिलं आणि केबल शोधायला गेलो.